प्लेअर खाली पडला की रेफरीने शिट्टी कधी मारायची?

तुमच्या मुलीच्या अंडर-१४ मॅचबद्दल तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण कळेल. मिडफिल्डला टॅकल झाला, तुमच्या टीमची एक मुलगी घोटा धरून खाली बसली, बॉल समोरच्या टीमकडे गेला, लाइनीवरून सगळे आईबाप "रेफरी, थांबवा की" म्हणून ओरडतायत, रेफरीने तिच्याकडे एकदा बघितलं, हाताने चालू द्या चालू द्या केलं आणि तेवढ्यात गोल झाला. तुमचं म्हणणं असं की हा गोल कॅन्सल व्हायला हवा होता आणि निदान समोरच्या टीमने तरी बॉल बाहेर मारायला पाहिजे होता.

गोल बरोबर आहे, त्यात काही करता येणार नाही. शिट्टी वाजत नाही तोपर्यंत खेळ चालू, मग मैदानावर कोण बसलंय, कोण रडतंय याने फरक पडत नाही. रेफरीचा निर्णय बरोबर होता का हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ती पोरगी कशी पडली आणि पडल्यावर काय करत होती यावर आहे, बॉल कुठे होता यावर नाही. लोक नेमकं उलटं बघतात. आपल्या गोलकडे बॉल येत असला की थांबवा थांबवा, आणि आपण अटॅक करत असलो की तोच प्लेअर पडलेला कुणाला दिसत पण नाही.

नियमात काय आहे ते सांगतो. लॉ नंबर ५, रेफरीचा लॉ. दुखापत झाली की काय करायचं याचे त्यात दोनच खण आहेत. किरकोळ लागलं असेल तर बॉल आपोआप बाहेर जाईपर्यंत खेळ चालू ठेवायचा. गंभीर लागलं असेल तर खेळ थांबवायचा आणि त्या प्लेअरला मैदानाबाहेर न्यायची व्यवस्था करायची. बस्स. गंभीर म्हणजे काय याची व्याख्या पुस्तकात नाही, किती सेकंद थांबायचं ते नाही, ते सगळं रेफरीच्या नजरेवर सोडलंय. आणि खरं सांगायचं तर ते तसंच सोडलेलं बरं, कारण लिहून काढायला गेलं की प्लेअर त्यातून पळवाट काढणारच.

मग ती नजर कशी काम करते? मी कोल्हापूरकडचा, तालमींच्या (आमच्याकडे फुटबॉल टीम तालमींच्याच असतात) मॅचेस पण केल्यात आणि शाळांच्या पण, त्यामुळे दोन्ही टोकं बघितलीयत. पहिली गोष्ट म्हणजे निम्मा निर्णय प्लेअर जमिनीवर पडायच्या आधीच झालेला असतो. रेफरी बॉलच्या मागे बघत बसला तर त्याला फक्त पडलेला माणूस दिसतो, आणि नुसता पडलेला माणूस बघून काहीच कळत नाही. टॅकल बघितला असेल तर कळतं की पायाला पाय लागला, का गुडघा बाजूने दाबला गेला, का बुटाचे स्टड (तळाचे खिळे) घोट्याच्या वर बसले. घोट्याला पाय लागून पडलेला प्लेअर बहुतेक वेळा दहा-पंधरा सेकंदात उठून लंगडत पळायला लागतो. गुडघा आत वळून पडलेला नाही उठत.

दुसरं म्हणजे आवाज. हे ऐकायला विचित्र वाटेल पण जो जोरात ओरडतोय, मैदानावर हात आपटतोय, लोळता लोळता एका डोळ्याने रेफरीकडे बघतोय, त्याची मला काळजी कमी वाटते. म्हणजे त्याला दुखत नाही असं नाही, दुखत असतंच, पण श्वास चालू आहे, शुद्ध आहे, राग पण आहे. जो पडला आणि गप्प आहे, हलत नाही, किंवा ज्याचे हात पडताना जमिनीकडे गेलेच नाहीत, तिथे शिट्टी तोंडात जायला एक सेकंद पण लागता कामा नये. शुद्धीतला माणूस पडताना हात पुढे करतो, ते आपोआप होतं. हात न टेकता तोंडावर आपटला म्हणजे तो हवेतच बेशुद्ध झालेला असू शकतो.

तिसरं म्हणजे आजूबाजूचे प्लेअर. समोरच्या टीमचा प्लेअर, ज्याला खेळ चालू राहण्यात फायदा आहे, तोच जर बॉल सोडून हात वर करून बोलवायला लागला तर डोळे झाकून थांबवायचं. शाहू स्टेडियमला गॅलरीतून "नाटक करतंय, नाटक करतंय" असा गलका चालू असतो, आणि मैदानात त्याच वेळी दोन्ही टीमची पोरं डोक्याला हात लावून उभी असतात, तेव्हा कुणाचं ऐकायचं ते वेगळं सांगायला नको.

आणि चौथं, एकदम साधं, पण नवे रेफरी करत नाहीत. खेळ चालू असताना त्याच्या जवळून पळत जायचं आणि विचारायचं. "काय रे, बरा हायस न्हवं? उठतोस का थांबवू?" त्याने "उठतो सर" म्हटलं किंवा नुसतं मानेने खुणावलं तरी तुमच्या दोन गोष्टी तपासून झाल्या, तो शुद्धीत आहे आणि त्याला प्रश्न कळलाय. शिव्या दिल्या तरी माझ्या मते तब्येत उत्तम आहे! उत्तर आलंच नाही, किंवा भलतंच आलं, तर शिट्टी.

आता डोकं. डोक्याच्या बाबतीत किरकोळ-गंभीर हा हिशोबच करायचा नाही. दोन डोकी आपटली, कोपर कानशिलावर बसलं, पोस्टवर डोकं लागलं, की थांबवायचं, मग बॉल गोललाइनपासून दोन फुटांवर का असेना. कारण डोक्याला लागलेला माणूस उठून उभा राहतो, पळतो, पास पण देतो, आणि तरी ठीक नसतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१४ च्या वर्ल्ड कप फायनलचं. माराकाना स्टेडियम, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना, जर्मनीच्या ख्रिस्टोफ क्रामरचं तोंड साधारण सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या गाराईच्या खांद्यावर आदळलं. तो उपचार घेऊन परत आला आणि त्यानंतर दहा मिनिटांहून जास्त खेळला. मध्येच त्याने रेफरी निकोला रिझ्झोलींना विचारलं की ही मॅच फायनलची आहे का. रिझ्झोलींनी ते नंतर सांगितलं, आधी त्यांना गंमत वाटली, मग लक्षात आलं आणि त्यांनी क्रामरच्याच टीममधल्या श्वाइनश्टायगरला कळवलं. एकतिसाव्या मिनिटाला क्रामर बाहेर गेला. फायनलचा प्लेअर, डझनभर कॅमेरे, बाजूला डॉक्टर, तरी हे झालं. मग आपल्या तालुक्याच्या मॅचला, जिथे फर्स्ट एड म्हणजे बर्फाची पिशवी आणि एक स्प्रे, तिथे काय अवस्था असेल विचार करा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, ठरवलं की कन्कशनचा (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्याचा) संशय असेल तर रेफरीने तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबवायचा, म्हणजे टीमच्या डॉक्टरला तपासायला वेळ मिळेल, आणि डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय प्लेअरने परत यायचं नाही. आता तर कन्कशनसाठी जादा सबस्टिट्यूट द्यायची सोय पण नियमात आहे, २०२१ पासून ट्रायल चालली होती आणि २०२४-२५ च्या नियमांत स्पर्धेला ती पर्याय म्हणून मिळाली.

लोकल मॅचला डॉक्टर नसतो, मग एकच उत्तर, शंका आली की बाहेर आणि त्या दिवशी परत नाही. प्लेअर भांडतो, कोच भांडतो, "अहो सर, काही नाही झालं, पोरगं ठणठणीत आहे" म्हणतात. बाहेर गेलेल्या प्लेअरला परत यायचा इशारा रेफरीने द्यायचा असतो आणि अशा वेळी मी तो देत नाही. एवढं साधं आहे. कोचला राग आला तर येऊ दे.

डोक्याच्या वर एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कुणी जवळ नसताना पडलेला प्लेअर. यात दोन प्रकार. एक गुडघ्याचा, मुलींच्या फुटबॉलमध्ये जास्त दिसतो, पळता पळता दिशा बदलली, कुणाचा धक्का नाही, आणि एकदम किंचाळून खाली. बऱ्याचदा आतलं लिगामेंट गेलेलं असतं, थांबवायचंच. दुसरा प्रकार म्हणजे हृदय. २०२१ च्या युरोला कोपनहेगनमध्ये १२ जूनला डेन्मार्क-फिनलंड मॅचमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन थ्रो-इनवरून आलेला बॉल घ्यायला पुढे आला आणि तसाच कोसळला. रेफरी अँथनी टेलर यांनी काही सेकंदांत शिट्टी मारली आणि लगेच मेडिकल टीमला आत बोलावलं. कुणी विचारायची, कुणी अपील करायची वाट बघितली नाही. छाती दाबणं, मशीनने शॉक देणं, सगळं मैदानावरच झालं, आणि तो माणूस वाचला, पुढे परत टॉप लेव्हलला खेळला पण.

आपल्याकडची जखम वेगळी आहे. गोव्याच्या डेम्पो क्लबचा क्रिस्टियानो ज्युनिअर, ब्राझीलचा स्ट्रायकर. ५ डिसेंबर २००४, बंगळुरूचं कांतिरवा स्टेडियम, फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. डेम्पोचे दोन्ही गोल त्याचेच, दुसरा गोल मारतानाच गोलकीपरशी टक्कर झाली आणि तो तिथेच कोसळला, परत उठला नाही. डेम्पोने त्याचा १० नंबर नंतर कुणाला दिला नाही. गोव्यात जुन्या फुटबॉलवाल्यांशी बोललात तर आजही हा विषय निघाला की आवाज बदलतो. तिथे शिट्टीचा प्रश्नच नव्हता, गोल झाला म्हणून खेळ थांबलेलाच होता. शिट्टीनंतर पुढच्या दोन मिनिटांत काय होतं यावर सगळं असतं, आणि त्यावर देशभर बोलणं झालं ते या घटनेनंतरच.

म्हणून रेफरी असा, कोच असा किंवा लाइनीवरचे पालक असा, हे माहीत असू द्या. टक्कर न होता पडला, हाक मारली तरी उत्तर नाही, श्वास नाही किंवा मधूनच घरघर येतेय, तर हृदय थांबलंय असंच समजायचं. अशा वेळी हातपाय थोडे झटके देतात, आणि लगेच कुणीतरी म्हणतं "फिट आलीय" आणि कांदा शोधायला पळतो, दुसरा चप्पल हुंगवतो, तिसरा जीभ ओढायला तोंडात बोटं घालतो. हे सगळं थांबवा. १०८ ला फोन एकाने करायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून जोरात दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटीमीटर आत गेली पाहिजे, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आलटून पालटून चालू ठेवायचं. पाणी पाजायचं नाही, गर्दी लांब ठेवायची.

मे महिन्यातल्या मॅचेसचं पण एक सांगून ठेवतो. दुपारी तीनच्या उन्हात पोरगं अडखळत पळायला लागलं, उलट्या करायला लागलं, विचारलेल्याचं उत्तर असंबद्ध देतंय, तर ते दमलंय म्हणून सोडून द्यायचं नाही. खेळ थांबवा, सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता.

आता तुमच्या मूळ केसकडे येतो. चौदा वर्षाच्या आतल्या मुलांच्या मॅचला माझा स्वतःचा हिशोब मोठ्यांपेक्षा वेगळा असतो. सिनिअर प्लेअर घोटा धरून बसला तर मी पाच-सात सेकंद बघतो, बॉल बाहेर जायची वाट बघतो. लहान मुलं असतील तर तेवढं थांबायचं नाही. मुलांना नाटक येत नाही असं नाही, टीव्हीवर बघून आता नऊ वर्षाची पोरं पण लोळायला शिकलीयत, पण लहान मुलाला स्वतःलाच कळत नाही की किती लागलंय, आणि शिट्टी चुकीची मारली तर काय जातं? एक अटॅक. अंडर-१४ च्या मॅचमधला एक अटॅक. शिट्टी न मारण्याची चूक महाग पडू शकते. तरीसुद्धा तुमच्या रेफरीला मी लगेच दोष देणार नाही, कारण तुम्हीच लिहिलंय की त्याने तिच्याकडे बघितलं. बसलीय, स्वतःच्या हाताने घोटा धरलाय, मान सरळ, रडतेय. हे किरकोळच्या खणात बसतं. त्याच्या जागी मी असतो तर बहुतेक त्या वयाला थांबवलं असतं, पण बहुतेक म्हणतोय, मी तिथे नव्हतो.

आणि समजा तिला लागलं ते फाऊल होतं, आणि तुमच्याच टीमकडे बॉल असता आणि समोर मोकळं गोल, तर? किरकोळ असेल तर ॲडव्हान्टेज द्यायचा, म्हणजे फाऊलची शिट्टी न मारता खेळ चालू ठेवायचा. गंभीर असेल तर ॲडव्हान्टेज विसरायचा, कितीही चांगला चान्स असला तरी. फक्त एक प्रॅक्टिकल गोष्ट, बॉल आधीच शॉट मारून हवेत असेल आणि अर्ध्या सेकंदात आत किंवा बाहेर जाणारच असेल तर अनुभवी रेफरी तेवढा श्वास रोखून मग शिट्टी मारतो. कारण शिट्टी वाजली की खेळ संपला, नंतर बॉल जाळीत गेला तरी गोल नाही.

थांबवायला रेफरी का कचरतात याचं एक कारण लोकांना माहीत नसतं. फाऊल नसताना दुखापतीसाठी थांबवलं तर ड्रॉप बॉलने, म्हणजे रेफरीने बॉल हातातून खाली सोडून, सुरू करायचं असतं. पूर्वी ड्रॉप बॉलला दोन्ही टीमचे प्लेअर बॉलवर तुटून पडायचे, २०१९ पासून ते गेलं, आता बॉल एकाच टीमच्या एकाच प्लेअरला मिळतो आणि बाकीचे सगळे चार मीटर लांब. २०२५ च्या बदलानंतर बॉल ज्यांच्याकडे होता किंवा स्पष्टपणे ज्यांच्याकडे जाणार होता त्यांनाच देतात, शेवटी पाय कुणाचा लागला ते दुय्यम. पण पेनल्टी एरियात बॉल असताना थांबवलं तर तो डिफेन्सच्या गोलकीपरलाच मिळतो. म्हणजे तुम्ही अटॅक करताय, समोरचा डिफेंडर पडला, शिट्टी वाजली, तर बॉल त्यांच्या कीपरच्या हातात. हे डिफेंडरना बरोबर कळतं! म्हणून बॉक्समध्ये किरकोळ पडलेल्यासाठी रेफरी सहजासहजी थांबवत नाहीत, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते निर्दयी वाटतं.

गोलकीपर पडला की खेळ थांबवलाच पाहिजे असा एक पक्का समज आहे, तो चुकीचा आहे. गोलकीपरला फक्त मैदानावरच उपचार घ्यायची सूट आहे, बाकी प्लेअरना बाहेर जावं लागतं. ती सूट अजून काही जणांना मिळते, कीपरशी टक्कर झालेला प्लेअर, एकाच टीमचे दोघं एकमेकांवर आपटले तर ते, फारच गंभीर दुखापत, पेनल्टी मारणारा प्लेअर, आणि ज्याला पाडल्याबद्दल समोरच्याला कार्ड मिळालंय तो, तोही उपचार पटकन होत असतील तर. रक्त येत असेल तर मात्र बाहेर, आणि रक्त थांबलंय, जर्सीवर डाग नाही हे बघितल्याशिवाय आत नाही. बाहेर जावं लागतं यामुळे खोटं पडणं आपोआप थोडं कमी होतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२३-२४ पासून उपचार घेतलेल्या प्लेअरला खेळ सुरू झाल्यावर तीस सेकंद बाहेर ठेवायला सुरुवात केली, अमेरिकेच्या एमएलएस लीगमध्ये तर पंधरा सेकंदांपेक्षा जास्त पडून राहिला आणि फिजिओ आत आला तर दोन मिनिटं, काही अपवाद सोडून. दोन मिनिटं दहा जणांनी खेळायचं म्हटल्यावर बरेच जण चमत्कार झाल्यासारखे उठतात.

बॉल बाहेर मारायचं म्हणाल तर नियमात असं कुठेच नाही. ती रीत आहे, चांगली रीत आहे, पण तिच्यावर विसंबून राहिलं की भांडणं होतात. एप्रिल २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स आणि अ‍ॅस्टन व्हिलाची मॅच झाली, व्हिलाचा प्लेअर पडलेला, सगळ्यांना वाटलं आता बॉल बाहेर जाणार, पण लीड्स खेळत राहिले आणि क्लिचने गोल मारला. मैदानावर धक्काबुक्की, रेड कार्ड, आणि मग लीड्सचा कोच मार्सेलो बिएल्साने आपल्या टीमला सांगितलं की त्यांना एक गोल करू द्या. व्हिलाने चालत जाऊन गोल केला, तरी लीड्सचा एक डिफेंडर मध्ये आडवा गेलाच. मॅच १-१. बिएल्साला त्या वर्षीचं फिफाचं फेअर प्ले अवॉर्ड मिळालं. लोक याला खिलाडूवृत्ती म्हणतात, मी पण म्हणतो, पण मी माझ्या प्लेअरना हेच सांगतो की बॉल बाहेर मारायचा का नाही ते तुम्ही ठरवू नका, ते रेफरीचं काम आहे, शिट्टी ऐकू येईपर्यंत खेळा. समोरच्या टीमची मुलं तेच करत होती. तेरा-चौदा वर्षाच्या मुलींना त्यावरून "खुन्नस काढली" वगैरे बोलणं बरोबर नाही.

एक मात्र तुमच्या टीमने केलं ते परत करू नका, तुम्हीच लिहिलंय की दोन पालक सरळ मैदानात घुसले. रेफरीने बोलावल्याशिवाय कोचने पण आत जायचं नाही. शुद्ध नाही, श्वास नाही असं काही असेल तर कुणी अडवणार नाही, पण घोट्यासाठी पालक आत आले तर रेफरीचं लक्ष पोरीवरून उडून तुमच्यावर जातं. लाइनीवरून "रेफरी, डोकं!" असं एक शब्दात ओरडलात तर त्याचा उपयोग होतो, त्याने ती टक्कर बघितली नसेल तर मान वळते. सगळ्यांनी मिळून गलका केला की त्याला ते नेहमीचं अपील वाटतं.

प्रोटेस्ट टाकायचा विचार असेल तर पैसे घालवू नका. गोल झाला का नाही, खेळ थांबवायचा का नाही, हे खेळातलं तथ्य आहे आणि त्यावर रेफरीचा निर्णय अंतिम, कमिटी तो बदलत नाही. तेच पत्र वेगळं लिहा. पुढच्या राऊंडला मैदानावर फर्स्ट एड येणारा माणूस कोण, स्ट्रेचर आहे का, जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि गाडी गेटपर्यंत येऊ शकते का, एवढं आयोजकांना मॅचच्या आधी लेखी विचारा. आणि मुलीचा घोटा दोन दिवसांत टेकवता येत नसेल तर एक्स-रे काढून घ्या, मुलांमध्ये हाडाच्या वाढीच्या टोकाला लागलेलं असलं तर ते मुरगळल्यासारखंच दिसतं.